माळवदाची माती उतरवा, पण खांब विकू नका

गेल्या वैशाखात धाकट्या भावाचा गावाकडून फोन आला. "जयभीम ताई, एक इचारायचं हुतं. घर पाडावं म्हणतो. माळवदाचं लाकूड घ्यायला एक व्यापारी तयार हाय. समद्या लाकडाचे बावीस हजार देतो म्हणतो. पाच हजार बयाना बी दिऊन गेलाय."

मी विचारले, "पाडून काय बांधणार?"

"स्लॅबचं. आता लाकडाच्या घरात कोण ऱ्हातंय?"

त्याचे म्हणणे एकट्याचे नाही. लाकडाचे घर म्हणजे मागासलेले आणि स्लॅबचे घर म्हणजे पुढारलेले, ही समजूत आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. मुलीचे स्थळ पाहायला आलेले पाहुणेसुद्धा आधी छताकडे बघतात. मी एका कार्यालयात क्लार्क आहे, अभियंता नव्हे. पण या घराने आमच्या कुटुंबाला एकदा वाचवले आहे आणि तशाच दुसऱ्या एका घरात आमची माणसे गेली आहेत. या दोन घरांत फरक कशाचा होता, हे समजून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेच आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडते.

आमचे गाव औसा तालुक्यात आहे. घर चार खणांचे. शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगते, दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. मराठवाड्यात घर किती मोठे हे चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत. खाली दगडाचे उथळे, त्यावर लाकडी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या किलच्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, अडीच-तीन फूट जाडीच्या. छताला मध्ये एक सवणे. त्यातून उजेड आत येई आणि चुलीचा धूर बाहेर जाई.

आजोबा सालगडी होते. चार सागवानी तुळया त्यांनी एका मोडायला काढलेल्या वाड्यातून हप्त्याने घेतल्या. बाभळीचे खांब मजुरीच्या बदल्यात मिळवले. सुताराने ते लाकूड कित्येक महिने विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि मगच त्याला हात लावला. अस्पृश्याने कौलारू घर बांधले तरी तो गुन्हा ठरे, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. त्या काळाला लागूनच आमच्या वस्तीतले हे पहिले माळवदी घर उभे राहिले. तेव्हा भावाला जे बावीस हजारांचे वाटते, ते मला तेवढ्याचे वाटत नाही. असो. भावनेवर छत उभे राहत नाही, म्हणून पुढचे हिशेबानेच बोलू.

३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा नववीत होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गाव उशिरा झोपले होते. पहाटे चार वाजायला तीन-चार मिनिटे असताना जमिनीखालून मालगाडी जावी तसा आवाज आला. पाठोपाठ घर हलले. आधी भांड्यांची फळी खाली आली. मग दक्षिणेकडची भिंत ढासळली आणि ती बाहेरच्या अंगाला पडली. धूळ एवढी की शेजारी झोपलेला भाऊ दिसेना. आजीने आम्हा दोघांना ओढून मधल्या खांबाला धरून बसवले. खांब आमच्या हातात अक्षरशः कुरकुरत होता. वर माळवद होते, ते जागचे हलले नाही. उजाडल्यावर पाहिले तर दोन खांब कलले होते, एका तुळईचे कुसू भोकातून दोन बोटे बाहेर सरकले होते; पण छत उभे होते आणि आम्ही जिवंत होतो.

माझी मोठी आत्या किल्लारीच्या जवळच्या एका गावात दिलेली होती. तिचे घर आमच्यापेक्षा मोठे, आठ खणांचे, भिंती आमच्याहून जाड. आत्या आणि तिची सहा वर्षांची नात भिंतीलगत झोपल्या होत्या. वडील चौथ्या दिवशी परत आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि एवढेच म्हणाले, "खांब हाईत. माणसं न्हाईत."

त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. रिश्टर मापावर ६ च्या थोडा पुढचा भूकंप. एवढ्या धक्क्यात जगात इतरत्र इतकी माणसे सहसा मरत नाहीत. मग इथेच का मेली? पाहणी करायला आलेल्या तज्ज्ञांनी जे लिहिले ते गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेच होते. खूप ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता आणि भिंती कोसळल्या होत्या. जिथे सांगाडाच नव्हता, छताचा भार थेट चिखलाच्या दगडी भिंतीवर होता, तिथे भिंतीबरोबर छतही आले. आणि जिथे नुसती कुडाची, पाचटाची झोपडी होती, तिथली माणसे त्या मानाने बरीच वाचली. एरवी गरिबीने माणूस मरतो. त्या पहाटे गावाबाहेरच्या हलक्या झोपड्यांनी काही जणांना वाचवले आणि आतल्या जाड भिंतींनी मारले.

भूकंपात घराला कोण ढकलते? खरे पाहता घराचे वजनच घराला ढकलते. एस.टी.त उभे असताना ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला तर रिकाम्या हाताचा माणूस सावरतो, डोक्यावर धान्याचे पोते असलेला तोंडावर पडतो. घराचेही तसेच. जेवढे वजन वर, तेवढा झटका जास्त. आता आमच्या माळवदाचा हिशेब पाहा. दरवर्षी गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर मातीचा हात फिरवायचा. आज्यापासून वडिलांपर्यंत तो फिरत राहिला आणि थर दीड फुटांचा झाला. काही गावांत तो अडीच फुटांपर्यंत गेला होता. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे साधारण सात टन. आमच्या सगळ्या घरावर मिळून सत्तावीस टन! म्हणजे तीन ट्रक माल डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो. आणि तरी खांबांनी तो पेलला.

भिंतीचा दोष वेगळा. ती तीन फुटी भिंत एकसंध नसतेच. बाहेरून एक दगडी पडदा, आतून दुसरा, मध्ये चिखल आणि खडे. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड कोणी घालत नाही, कारण तेवढा लांब दगड घडायला मजुरी पडते. धक्का बसला की दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटतात. एक अंगणात पडतो, दुसरा अंथरुणावर.

लाकूड असे का वागत नाही? ते दगडापेक्षा आणि काँक्रीटपेक्षा कितीतरी हलके. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,४०० किलो, तर सागवानाचे साडेसहाशे-सातशेच्या आसपास. शिवाय लाकूड वाकते आणि पुन्हा सरळ होते. कुसू आणि पाचर मारून केलेला सांधा थोडा सरकतो, घासतो, कुरकुरतो आणि त्या घासण्यातच धक्क्याचा जोर जिरतो. त्या पहाटे आजीने आम्हाला धरून बसवलेला खांब कुरकुरत होता, तेव्हा तो आपले कामच करत होता.

हे काही नवे ज्ञान नाही. आपल्याच देशात १२ जून १८९७ रोजी आसामात फार मोठा भूकंप झाला. शिलाँगमधल्या इंग्रजांच्या दगडी इमारती भुईसपाट झाल्या. त्यानंतर तिकडे जी घरे बांधली जाऊ लागली त्यांना आजही 'आसाम टाइप' म्हणतात. लाकडाचा सांगाडा, मध्ये इकडा नावाच्या बोरूसारख्या गवताचा कूड, त्यावर लिंपण, वर हलके छप्पर. काश्मीरमध्येही लाकडी चौकटींचे चौकोन-त्रिकोण करून त्यांत विटा-दगड-माती भरण्याची जुनी रीत आहे, तिला धज्जी देवारी म्हणतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशा घरांच्या भिंतींना भेगा पडल्या, पण ती सहसा माणसांवर कोसळली नाहीत. सीमेपलीकडे तर सरकारने पुनर्बांधणीसाठी या पद्धतीला मान्यताच दिली आणि लोकांनी ढिगाऱ्यातले लाकूड वापरून पुन्हा तशीच घरे उभी केली. तिथे चौकट दर दोन-तीन फुटांवर असते, त्यामुळे भिंत निखळली तरी एका वेळी टोपलीभर दगड निखळतात. आमच्याकडे चौकट आणि भिंत यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. आत्याच्या घरी जे झाले ते यामुळे.

१९९३ नंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली. आमच्यासारखी जी गावे तडकली पण पडली नाहीत, तिथे जागेवरच 'दुरुस्ती व मजबुतीकरण' होते. त्यासाठी गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. आमची चुलती त्यांतली एक. सातवी शिकलेली बाई, पण अभियंत्याने सांगितलेले तिने असे पचवले होते की मला आजही तिचेच शब्द आठवतात. ती बायकांना विचारायची, "बाजंचा पाय हालाय लागला तर काय करता? कोपऱ्यात तिरकी फळी ठोकता का न्हाई? मग तुळई आन् खांबाच्या कोपऱ्यात बी तसाच तिरका टेकू ठोका." एवढे साधे होते ते. तिरका टेकू, सांध्याला लोखंडी पट्टी, माळवदावरची जादा माती खाली, भिंतीत आरपार दगड.

ऐकले किती जणांनी? फार थोड्यांनी. बहुतेकांनी पैशातून घराशेजारी वीट-सिमेंटची एक खोली बांधली आणि जुन्या घरात पूर्वीसारखेच राहू लागले. आमच्या वडिलांनी दोन कोपऱ्यांत टेकू ठोकले, पैसे संपले आणि पडलेली भिंत त्याच दगडांनी, त्याच चिखलात पुन्हा रचली. चुलती म्हणाली, "दादा, ज्यानं मारलं त्योच परत उशाला घिऊन झोपताव." वडिलांना राग आला. दोन महिने बोलणे बंद होते.

आता स्लॅबकडे वळू. मी सिमेंटच्या विरोधात नाही. अभियंत्याच्या नकाशाने, योग्य सळईने, नीट पाणी मारून केलेले काँक्रीटचे घर उत्तम. पण आपल्याला जे परवडते ते असे असते का? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते, तरी दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत काँक्रीटच्या उंच इमारती पत्त्यांसारख्या बसल्या. तिथे तर ठेकेदार शहरातले होते. आमच्या गावात कॉलमच्या सळयांना रिंगा किती घालायच्या हे गवंडी अंदाजाने ठरवतो. वाळू मिळेल ती. आणि काँक्रीटला किमान आठवडा-दोन आठवडे सतत पाणी मारायचे म्हटले तर कुठून आणायचे? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. प्यायचे पाणी रेल्वेने येते तिथे स्लॅबला कोण पाजणार? कच्चा स्लॅब म्हणजे दीड फूट मातीऐवजी पाच इंच काँक्रीट डोक्यावर घेणे, आणि खाली खांबही विश्वासाचे नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा स्लॅबखाली दुपारी लेकरू झोपवून दाखवा, मग माळवदाचा गारवा कळेल.

कोणी म्हणेल, भूकंप काय रोज होतो? १९९३ पर्यंत सरकारी नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात हादरे बसत होते, तरी कोणाला खरे वाटले नाही. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्या क्षेत्रात आलो. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपासचे धक्के बसले. जमीन नकाशा वाचून हलत नाही.

व्यापाऱ्याच्या बावीस हजारांचा हिशेबही मी केला, बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग व्हावा. आमच्या चार तुळया आठ इंच चौरस आणि दहा फूट लांब. एकीत साडेचार घनफूट धरा, चारांत अठरा. लातुरात दोन वखारींत विचारले, चांगल्या सागवानाला घनफुटाला तीन हजारांच्या खाली कोणी बोलेना. म्हणजे नुसत्या तुळयांचेच चोपन्न हजार झाले. कड्या, खांब, दोन दारे वेगळीच. आणि व्यापारी ते सगळे बावीस हजारांत नेऊन शहरात कोणाच्या तरी बंगल्याचे फर्निचर करणार! एकदा गेलेले तसले जुने, वाळून-मुरून पक्के झालेले लाकूड आपल्याला पुन्हा घेणे होणार नाही.

लाकडाचे दोषही सांगितले पाहिजेत. वाळवी हा पहिला शत्रू. खांबाचे बूड जमिनीत किंवा भिंतीच्या ओलीत गाडलेले असेल तर बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोकळ असू शकतो. म्हणून उथळा जमिनीच्या वर हवा आणि खांबाला चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. चुलीची आग, विजेची उघडी वायर, हे धोके आहेतच. आणि ज्यांच्याकडे आज लाकूड नाही, त्यांनी नवे सागवानी घर बांधावे असे मी म्हणणार नाही. ते आपल्या खिशाबाहेरचे आहे. त्यांनी घरकुलाचे वीट-सिमेंटचे घर बांधताना जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा घालून घ्यावा. खर्च थोडा वाढतो, पण चारही भिंती एका दोरीने बांधल्यासारख्या होतात. माझे सांगणे ज्यांच्याकडे खांब-तुळया आहेत त्यांना आहे.

भावाला फोनवर हे सगळे पटेना. शेवटी जून लागायच्या आत मी गावी गेले. ओळखीचे एक निवृत्त अभियंता बरोबर आले. त्यांनी टोच्याने प्रत्येक खांबाचे बूड टोचून पाहिले. दहापैकी दोन खांब वाळवीने खाल्लेले निघाले, वडिलांनी १९९४ मध्ये ठोकलेले टेकू मात्र शाबूत होते. त्यांनी सांगितले ते असे: आधी छताला जॅक आणि बल्ल्या लावून आधार द्यायचा, त्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. माती वीतभराच्या आत आणायची आणि वर जाड प्लास्टिकचा कागद घालून पातळ थर द्यायचा, म्हणजे गळणार नाही आणि दरवर्षी माती चढवावी लागणार नाही. दोन खांब बदलायचे. सगळ्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट, सगळ्या कोपऱ्यांत तिरके टेकू. दगडी भिंत हळूहळू उतरवून तिच्या जागी वीटकामाची, पट्टा घातलेली आणि खांबांना लोखंडी पट्टीने जखडलेली हलकी भिंत घ्यायची. पैसे कमी असतील तर आधी माती आणि टेकू, भिंत पुढच्या वर्षी. तोवर कोणी दगडी भिंतीच्या कडेला झोपायचे नाही.

भाऊ गप्प होता. बोलली ती वहिनी. "ताई, घर ऱ्हाऊ द्या म्हणताव तर ऱ्हाऊ द्या. पण माज्या दोन अटी हाईत. सवण्यातून पावसाचं पानी चुलीत पडतंय, ते बंद करून मला खिडकी पायजे. आन् भिताड आतून गिलाव्याचं पायजे, दगडातून इच्चू निघत्यात." अभियंता हसले, म्हणाले, दोन्ही अटी घराच्याही भल्याच्याच आहेत, फक्त खिडकी कोपऱ्याला चिकटून नको.

भावाने बयाना परत केला. त्यासाठी मला पतपेढीतून पाच हजार उचलून द्यावे लागले, कारण व्यापाऱ्याचे पैसे त्याने बी-बियाण्यात घातले होते. चार मजूर लावून माती काढली, चार ट्रॉल्या निघाली. एक ट्रॉली म्हणजे शंभर घनफूट धरली तर अठरा टन वजन त्या दोन दिवसांत डोक्यावरून उतरले. माती ढिली करताना आजोबांच्या वेळचा एक तांब्याचा पैसा सापडला, तो पुतण्याने शाळेत नेऊन दाखवला. टेकू आणि पट्ट्या दिवाळीपर्यंत होतील. भिंतीसाठी भिशीचा नंबर लागायची वाट पाहतो आहोत.

व्यापाऱ्याचा फोन अजून येतो. परवा भावाने त्याला सांगितले, "लाकूड इकायचं न्हाई. माती पायजे का? चार ट्रॉल्या हाय, फुकट घिऊन जा."